पट्टा लोंबू नये म्हणून

एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली दोरीने पँटच्या नेहमीच्या पट्ट्याला अडकवा आणि घरात फेऱ्या मारा. थोड्याच वेळात पँट एका बाजूला उतरायला लागते. पण खरा वैताग वेगळाच असतो. पट्ट्याची वरची कड अंगापासून सुटते, पट्टा बाहेरच्या बाजूला कलंडतो आणि बाटली पावलागणिक मांडीवर आपटत राहते. अमेरिकेत जे लोक कमरेला पिस्तूल लावून दिवस काढतात, त्यांची तक्रार नेमकी हीच. कोल्टचं ‘१९११’ नावाचं जुनं लष्करी पिस्तूल गोळ्या न भरताच सुमारे १.१ किलो भरतं. ते पेलायला तिकडे ‘गन बेल्ट’ नावाचा वेगळा पट्टा असतो, आणि तो घरच्या टेबलावर हाताने करणारे हौशी लोकही पुष्कळ आहेत.

कृती ऐकायला सोपी आहे. कमावलेल्या चामड्याच्या दीड इंच रुंद, लांब अशा दोन पट्ट्या कापायच्या. एकीची पाठ दुसरीच्या पाठीला चिकटवायची, कडेने हाताने शिवायचं, कडा घासून गुळगुळीत करायच्या, बक्कल लावायचं. प्रत्येक पट्टी साधारण आठ औंसाची. तिकडे चामड्याची जाडी औंसात मोजतात, कारण एक चौरस फूट चामड्याचं जेवढे औंस वजन, तेवढी त्याची जाडी असा जुना हिशोब आहे. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. म्हणजे आपली पट्टी तीन मिलिमीटरच्या थोडी वर जाते.

या सगळ्यात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मधला गोंदाचा थर, जो पट्टा तयार झाल्यावर कुणाला दिसतही नाही.

पत्त्यांचा कॅट हातात घेऊन वाकवून पाहा. सहज वाकतो, कारण प्रत्येक पान शेजारच्यावरून जरासं सरकतं. आता तीच पानं एकेक करून फेविकॉलने चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. सकाळी हातात फळी येईल. कागद तेवढाच, जाडीही जवळपास तेवढीच, गेलं आहे ते फक्त सरकणं. सपाट पट्टी वाकायला किती विरोध करते, ते तिच्या जाडीच्या घनावर ठरतं. ३ मिलिमीटरच्या पट्टीचा ताठपणा ३ × ३ × ३, म्हणजे २७ धरू. अशा दोन पट्ट्या नुसत्या एकमेकींवर ठेवल्या तर ५४. पण सरकू न देता घट्ट जोडल्या तर ती ६ मिलिमीटरची एकच पट्टी होते, आणि ६ चा घन २१६. म्हणजे तेच चामडं, पण ताठपणा चौपट. पट्टा कलंडतो तेव्हा तो खरं तर पिळला जात असतो, आणि पिळालाही हाच घनाचा हिशोब लागू आहे. म्हणून नुसत्या शिवणीवर भागत नाही. टाके पट्ट्यांना जवळ धरतात, पण दोन टाक्यांमध्ये त्यांना थोडं सरकायला वाव राहतो. (या गोंदाचा वास डोक्यात जातो. खिडकी उघडी ठेवा.)

इथे एक गंमत आहे. पट्टा सपाट टेबलावर चिकटवला आणि मग कमरेला गुंडाळला तर आतली पट्टी सुरकुतते. कारण बाहेरच्या पट्टीला मोठा फेरा घ्यावा लागतो. किती मोठा? एका पट्टीच्या जाडीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत अंतर ३ मिलिमीटर, म्हणून पूर्ण फेऱ्यात फरक २ × ३.१४ × ३, जवळजवळ १९ मिलिमीटर. या सूत्रात कंबर कुठेच येत नाही! काडीपैलवान असो की सुटलेल्या पोटाचा धनी, फरक १९ मिलिमीटरच. त्यामुळे जाणते कारागीर पट्ट्या थोड्या जास्त लांब कापतात, गोल वाकवलेल्या अवस्थेतच चिकटवत जातात आणि टोकं शेवटी छाटतात. असा पट्टा टेबलावर ठेवला तरी सरळ पडत नाही, आणि तसाच तो हवा असतो.

आता चामड्याकडे वळू. कुठलंही चामडं इथे चालत नाही, आणि त्याचं कारण रेणूंमध्ये आहे. कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं. त्याचा रेणू म्हणजे एकमेकींभोवती वळलेल्या तीन साखळ्या, अगदी तीन पेडांच्या दोरासारख्या. ही तीन पेडांची कल्पना १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी मांडली. साखळीत दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसीन असतं, कारण पेडांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत दुसरं काही मावतच नाही.

कच्चं कातडं ओलं ठेवलं तर कुजतं. वाळवलं तर तंतू एकमेकांना चिकटून ते पत्र्यासारखं कडक होतं. तबल्याच्या पुडीला तोच ताण हवा असतो, पट्ट्याला मात्र नको. म्हणून कातडं ‘कमवायचं’. साल, फळं किंवा लाकूड यांच्या पाण्यातलं टॅनिन तंतूंच्या मध्ये शिरतं, तिथल्या पाण्याची जागा घेतं आणि असंख्य हायड्रोजन बंधांनी कोलॅजेनला धरून बसतं. हिरडा चघळल्यावर जीभ आणि गाल आवळतात, ती याच गुणाची चव: टॅनिन तुमच्या लाळेतली प्रथिनं पकडत असतं. कच्चं कातडं ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात आक्रसून जातं; टॅनिनने कमावलेलं साधारण ७५ ते ८५ अंशांपर्यंत तग धरतं.

कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ब्रिटिश काळात इथला हिरडा जहाजाने इंग्लंडच्या टॅनरींपर्यंत जायचा. हल्ली गन बेल्टच्या चामड्याला ‘मिमोसा’ हा अर्क बराच वापरला जातो, आणि तो येतो बाभळीच्या एका ऑस्ट्रेलियन नातलगाच्या सालीतून. तात्पर्य, टेक्सासचा पट्टा आणि कोल्हापूरची चप्पल रसायनशास्त्राच्या हिशोबाने एकाच घरातली.

जगातलं बहुतेक चामडं मात्र आज क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. १८८४ साली न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झने त्याचं पेटंट घेतलं. ते काम झटपट होतं आणि चामडं उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. पण ते मऊ राहतं, दाबलं की परत उसळतं, त्याची कड घोटली जात नाही. सोफ्याला उत्तम, या पट्ट्याला निरुपयोगी.

पट्टी कापायची तीही पाठीच्या भागातून, कण्याला समांतर. तिथे तंतू दाट विणलेले असतात. पोटाचं चामडं स्वस्त मिळतं, पण जनावराचं पोट फुगायला-आकसायला बनलेलं असतं, आणि मेल्यावरही ते आपला स्वभाव सोडत नाही. महिन्याभरात भोकं लांबट होतात.

तेलाचा मोह आवरावा लागतो. तेल तंतूंमध्ये वंगणासारखं काम करतं, म्हणजे तंतू पुन्हा सरकू लागतात. जे सरकणं आपण गोंदाने घालवलं, तेच तेलाने आतून परत आणायचं? पातळ हात एकदा पुरे.

शिवणीसाठी आपल्या चांभारांकडे असते तशी आरी, एकच दोरा आणि दोन सुया लागतात. आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया दोन्ही बाजूंनी आरपार जातात. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे चामड्याच्या पोटात एकमेकांना नुसते अडकलेले असतात. एक झिजून तुटला की शेजारचे टाकेही सैल पडत जातात. हाताच्या टाक्यात एक पेड तुटला तरी दुसरा त्याच भोकातून आरपार गेलेला असतो. दोऱ्याला मधमाशीचं मेण चोळतात ते घर्षण वाढावं म्हणून. टाका जागीच रुतून बसतो. कड ओलसर करून, डिंकाचं पाणी लावून लाकडाने जोरात घासायची. उभे राहिलेले तंतू झोपतात, दाबले जातात, आणि दोन पट्ट्यांमधली फट दिसेनाशी होते.

चामडं ओलं असताना लोखंड जपून वापरा. टॅनिन आणि लोह भेटले की निळसर काळा डाग पडतो, आणि तो निघत नाही. हिरडा आणि हिराकस यांची शाई करायचे ती याच जोरावर. उलट, काळा पट्टाच हवा असेल तर लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये मुरवून ते पाणी फासतात. रंग वर चढत नाही, आतच तयार होतो.

पितळेचं आणि या चामड्याचंही जमत नाही. चामड्यातली आम्लं आणि चरबी पितळेतल्या तांब्याशी मिळून हिरवट लिबलिबीत थर बनवतात. पट्ट्यावरच्या चामडी नळ्यांमध्ये काडतुसं ठेवणाऱ्या अमेरिकी सैनिकांना याचा फार जाच झाला. अँसन मिल्स या लष्करी अधिकाऱ्याने नळ्या विणलेल्या कापडाच्या केल्या, पेटंट घेतलं आणि पुढे त्या धंद्यात गडगंज झाला. पिस्तूलही म्हणूनच चामडी म्यानात महिनोन्‌महिने ठेवून देत नाहीत. दमट हवेत गंज धरतो.

ताठ पट्ट्याशिवाय दुसरेही उपाय आहेत. १८५८ मध्ये उत्तर हिंदुस्थानातल्या लढाईत डावा हात गमावलेल्या सॅम ब्राउन या अधिकाऱ्याने तलवारीचं वजन पेलायला खांद्यावरून तिरका पट्टा घेतला. आपल्या पोलीस अधिकाऱ्यांच्या गणवेशात दिसतो तो हाच. कोकणातला माणूस तर कोयती आकडीत अडकवून पाठीमागे मधोमध ठेवतो. वजन मध्यावर आलं की कलायला बाजूच उरत नाही. पण पिस्तूल पाठीमागे ठेवून चालत नाही, हात पटकन पोचावा लागतो, म्हणून तिकडे पट्ट्यालाच ताठ व्हावं लागतं.

नवा पट्टा पहिले काही दिवस कमरेला टोचतो. मग अंगाची ऊब आणि घाम यांनी चामडं हळूहळू नरमतं, कमरेच्या उंचसखल जागा ओळखतं आणि त्याच आकारात बसून राहतं. त्यामुळे दुसऱ्याचा वापरलेला पट्टा मापाने अगदी बरोबर असला तरी अंगाला कधी नीट बसत नाही.