नवख्यांना मैदानाबाहेर ठेवतं कोण? अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या जाडजूड प्लेबुकांची पार्श्वभूमी

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा मोसम सुरू झाला की एक तक्रार हमखास कानावर येते. गाजावाजा करून आणलेला अठरा वर्षांचा खेळाडू रेषेबाहेर उभा, आणि आत चौथ्या वर्षाचा कुणीतरी, जो प्रत्येक धावेला दोन पावलं मागे पडतोय. मग सगळ्यांची बोटं बचावाच्या प्रशिक्षकाकडे वळतात. प्लेबुक, म्हणजे डावांची वही, इतकं जाड केलंय की पोराला ते समजेपर्यंत त्याची दोन वर्षं जातात, असा आरोप. आरोप खोटा नाही, पण सगळा दोष प्लेबुकावर टाकणं मला पटत नाही.

१९७२ पर्यंत हा प्रश्नच नव्हता. युद्धकाळातले अपवाद सोडले, तर पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळायला मनाई होती. त्यांचा वेगळा संघ असे. त्या साली एनसीएए या नियामक संस्थेने फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये ही बंदी उठवली. पुढच्याच वर्षी शिष्यवृत्तीवरच्या खेळाडूंवर १०५ ची मर्यादा आली. ती १९७८ मध्ये ९५ झाली आणि १९९४ पर्यंत ८५ वर उतरली. त्याआधी मोठी विद्यापीठं वाटेल तेवढी पोरं भरती करून ठेवत. आता दुखापती झाल्या की नवख्याला उतरवण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. त्यातच १९९१ मध्ये मोसमात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त सक्तीचा सराव घेता येणार नाही, असा नियम आला. म्हणजे हाताशी माणसं कमी, आणि त्यांना शिकवायला वेळही कमी.

गंमत अशी, की बचाव हा स्वतंत्र विषय म्हणून वाढला तो कोवळ्या पोरांमुळेच. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर मिशिगनची गाठ बलाढ्य आर्मी संघाशी होती. युद्धामुळे मिशिगनकडे उरली होती ती बहुतेक अननुभवी मुलं. प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांनी आक्रमणाला एक तुकडी आणि बचावाला दुसरी, अशी विभागणी केली. तोवर तेच अकरा जण दोन्ही बाजूंनी खेळत. मिशिगन २८-७ असा हरला, पण कल्पना रुजली. १९५३ मध्ये नियम बदलून ती बंद पाडली गेली आणि साठीच्या दशकाच्या मध्यावर परत आली. अर्धंच काम शिकायचं म्हटल्यावर ते अर्धं काम अधिकाधिक बारीक होत गेलं.

खरी गुंतागुंत आली ती व्यावसायिक लीगमधून, म्हणजे एनएफएलमधून. १९९१ ते १९९४ निक सेबन हे प्रशिक्षक क्लीव्हलँड ब्राउन्स या संघात मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक यांच्या हाताखाली बचाव सांभाळत होते. १९९४ मध्ये साऱ्या लीगमध्ये सर्वांत कमी, म्हणजे २०४ गुण देणारा हा बचाव पिट्सबर्गकडून मात्र त्या मोसमात तीनदा हरला. पिट्सबर्गचे चार रिसिव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) एकदम सरळ खोल धावत, आणि ठरावीक जागा राखून उभा राहणारा बचाव उघडा पडे. यावर ब्राउन्सने जो उपाय काढला, त्याची गोष्ट सेबन यांनीच पुढे प्रशिक्षकांच्या शिबिरांत सांगितली. तो असा: सुरुवात जागा राखल्यासारखी करायची, पण रिसिव्हरची पहिली काही पावलं पाहून ठरवायचं की आता कोण कुणाच्या मागे जाणार. बाहेरचा आत वळला तर त्याला दुसऱ्याच्या हवाली करायचं, आतला खोल गेला तर त्याला चिकटायचं. याला पॅटर्न मॅचिंग म्हणतात. पाच-सहा जणांनी एकच चित्र एकाच क्षणी तसंच वाचलं पाहिजे. एकाने वेगळं वाचलं की रिसिव्हर मोकळा. म्हणून प्रशिक्षकाला वेगवान पण गोंधळणाऱ्यापेक्षा संथ पण न चुकणारा परवडतो.

ही शिकवण सेबन यांनी मिशिगन स्टेट, एलएसयू (लुइझियाना स्टेट) आणि २००७ पासून अलाबामा या विद्यापीठांत नेली. त्यांच्या यशानंतर त्यांचे सहायक ठिकठिकाणी मुख्य प्रशिक्षक झाले आणि प्लेबुकही त्यांच्यासोबत गेलं.

पण व्यावसायिक खेळाडूचं हे दिवसभराचं काम असतं, आणि विद्यार्थ्याला वर्गातही बसायचं असतं. त्याची किंमत नोत्र दाम विद्यापीठाला मोजावी लागली. २०१४ मध्ये ब्रायन व्हॅनगॉर्डर एनएफएलच्या न्यूयॉर्क जेट्सकडून तिथे बचावाचे प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी लीगमध्ये शोभेल असा भरगच्च बचाव आणला. २०१६ च्या सलामीलाच टेक्सासने ५० गुण केले, पुढे ड्यूकने ३८. एक विजय, तीन पराभव अशी अवस्था झाल्यावर सप्टेंबरातच त्यांची गच्छंती झाली. नंतर योजना सोप्या केल्या गेल्या आणि अधिक खेळाडू आलटून पालटून उतरले. चमत्कार काही झाला नाही. मोसम चार विजय, आठ पराभव असाच संपला. पण पहिल्या वर्षाचा कॉर्नरबॅक (काठावरच्या रिसिव्हरला रोखणारा) जूलियन लव्ह त्याच पडझडीत घडला आणि २०१८ मध्ये ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, झाला. हेही सांगायला हवं, की व्हॅनगॉर्डर यांच्याकडेही नवखे खेळत होतेच, कारण अनुभवी शिल्लकच नव्हते.

आता उलट बाजू. मिशिगन स्टेटमध्ये पॅट नार्डुझी यांचा बचाव जवळपास प्रत्येक वेळी तोच असे, फारसे प्रकार नाहीत. तरी तिथली मुलं पहिलं वर्ष बहुधा रेडशर्ट म्हणून, म्हणजे सराव करत पण सामना न खेळता, काढत. आयोवाचंही तसंच. प्लेबुक सोपं म्हणून दार उघडलं असं झालं नाही. सोप्या योजनेतही अंगात ताकद लागते, आणि ती एका उन्हाळ्यात येत नाही.

शिवाय कोणत्या जागेवर खेळायचं यावर बरंच ठरतं. समोरच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर, तुटून पडणाऱ्याला फारसं बोलावं लागत नाही. जडेवियन क्लाउनीने २०११ मध्ये साउथ कॅरोलायनासाठी पहिल्याच वर्षी ८ सॅक केले, म्हणजे तितक्या वेळा क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडलं. एलएसयूचा डेरेक स्टिंगली २०१९ मध्ये काठावरचा एक रिसिव्हर सांभाळत होता. त्याने ६ चेंडू अडवून पळवले आणि संघ विजेता ठरला. अडचण होते ती मधल्या लाइनबॅकरची (बचावाच्या दुसऱ्या फळीतला) आणि सेफ्टीची (सर्वांत मागे उभा राहणारा), कारण बाकीच्यांना हाक मारून जागेवर लावणं त्यांचं काम. त्या जागी नवखा म्हणजे जोखीम.

तीही पेलली जाते. मिंका फिट्झपॅट्रिक २०१५ मध्ये अलाबामाच्या त्या क्लिष्ट योजनेत पहिल्याच वर्षी खेळला. तिथल्याच सेफ्टी केलेब डाउन्सने २०२३ मध्ये, पहिल्याच वर्षी, १०७ टॅकल करून (चेंडू नेणाऱ्याला पाडून) संघात पहिला क्रमांक मिळवला. बरेच होतकरू खेळाडू शाळा डिसेंबरात उरकून जानेवारीतच विद्यापीठात दाखल होतात आणि वसंतातला सराव पदरात पाडतात. मला वाटतं, नवख्याचा प्रवेश ठरतो तो पानांच्या संख्येपेक्षा या सहा-सात महिन्यांनी.

दरम्यान आक्रमणानेच गुंतागुंतीला लगाम घातला. न थांबता, खेळाडू न बदलता पुढचा डाव सुरू करायचा या पद्धतीने प्रशिक्षकाला इशारे पोचवायलाच वेळ उरेना. २०१२ मध्ये टेक्सास ए अँड एमने क्वार्टरबॅक जॉनी मॅन्झेलच्या जोरावर अलाबामाला २९-२४ हरवलं. २०१४ मध्ये बचावाला माणसं बदलायला दहा सेकंद द्यावेत असा प्रस्ताव आला, सेबन यांनी तो उचलूनही धरला, पण तो बारगळला. मग हाका लहान झाल्या. टीसीयू विद्यापीठाचे प्रशिक्षक गॅरी पॅटरसन तर आधीपासूनच मैदानाचे दोन भाग करून प्रत्येक भागाला वेगळी हाक देत, म्हणजे प्रत्येकाने आपलाच अर्धा भाग वाचायचा.

२०१८ पासून नवख्याला चार सामने खेळूनही खेळण्याच्या पात्रतेचं ते वर्ष राखून ठेवता येतं. २०२४ पासून बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ आला. पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो, आणि रिसिव्हरची पावलं वाचायची असतात ती चेंडू सुटल्यानंतर.

त्याहून मोठा बदल वेगळाच आहे. २०२१ पासून एकदा विद्यापीठ बदललं तरी वर्षभर सामन्यांबाहेर बसावं लागत नाही. नंतर ही मोकळीक आणखी वाढली. डाउन्स अलाबामात वर्षभर शिकून ओहायो स्टेटला गेला आणि तिथे २०२४ च्या मोसमात विजेता झाला. बावीस वर्षांचा, तीन बचावपद्धती पाहिलेला सेफ्टी बाजारात मिळत असताना अठरा वर्षांच्या मुलाला दोन वर्षं शिकवत बसायला प्रशिक्षक आता तयार नसतात, मग प्लेबुक पातळ असो की जाड.