संधीची विषमता (शिक्षण आणि रोजगार)

दोन मुलं सारखीच हुशार, मेहनतही सारखीच, पण जन्म कुठल्या घरात झाला यावरून एकाला चांगलं शिक्षण आणि बरी नोकरी मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, याला संधीची विषमता म्हणतात. कमाईतली तफावत हा तिचा परिणाम, मूळ त्याच्या कितीतरी आधी असतं.

1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम 26 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत हवं आणि उच्च शिक्षण गुणवत्तेवर सगळ्यांना सारखं खुलं हवं असं लिहिलंय. पण फी माफ झाली म्हणून शिक्षण फुकट होत नाही, वह्या कपडे प्रवास हे असतंच आणि सगळ्यात जड जातो तो कुठल्याच पावतीवर न येणारा खर्च, म्हणजे मूल शाळेत गेलं की त्याची मजुरी बुडते नाहीतर धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कोणी उरत नाही, आणि हे दुसरं काम बहुतेक मुलीच्याच गळ्यात पडतं. मेक्सिकोने हे ओळखून 1997 मध्ये प्रोग्रेसा योजना आणली, मूल नियमित शाळेत गेलं तर आईच्या हातात रोख पैसे आणि माध्यमिकला मुलींसाठी जास्त रक्कम. माध्यमिकची पटसंख्या त्याने खरंच वाढली, मुलींची तर जास्तच.

अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या 1966 च्या अहवालात सुमारे 6 लाख विद्यार्थ्यांची पाहणी होती, त्यातून निघालं की शाळेतल्या सोयींपेक्षा घरच्या परिस्थितीचा मार्कांशी जास्त संबंध आहे. यावरून काहीजण शाळांवर खर्च करून उपयोग नाही असं म्हणतात, ते साफ चुकीचं आहे, ज्याच्या घरी अभ्यास घेणारं कोणी नाही त्याला शाळेचाच आधार असतो. 2020 मध्ये जगभर शाळा बंद झाल्या, 150 कोटींवर विद्यार्थी घरी बसले, तेव्हा ज्यांच्याकडे स्वतःचा मोबाईल, नेट आणि अभ्यासाला शांत कोपरा नव्हता त्यांचं शिक्षण तिथेच थांबलं.

डिग्री मिळाली तरी अडचण संपत नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये दाखवलं की नोकरीची खबर बरेचदा जवळच्यांपेक्षा लांबच्या ओळखीतून येते, आणि घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलाकडे अशी ओळख आणायची कुठून? बिनपगारी इंटर्नशिपही तोच करू शकतो ज्याचा त्या महिन्यांचा खर्च घरचे उचलतात, बाकीचे मिळेल ती नोकरी धरतात.