गाव नसलेल्यांची गावाकडची सुट्टी

कोविडच्या साथीत, २०२१च्या मे महिन्यात, ब्रिटन सरकारने जगातल्या देशांची लाल, अंबर (पिवळसर नारिंगी) आणि हिरव्या रंगांत वाटणी केली. हिरव्या यादीतली नावं मोजकीच होती, आणि अंबर देशातून परत आलं की दहा दिवस घरात विलगीकरण. स्पेनचा बेत रद्द करून कुटुंबांनी कॉर्नवॉल, वेल्स आणि उत्तरेकडच्या तळ्यांच्या प्रदेशातली, म्हणजे लेक डिस्ट्रिक्टमधली कॉटेजेस धरली. वर्तमानपत्रांना ही नवी लाट वाटली. तशी ती नव्हती. बाहेरचा दरवाजा बंद झाला की आपल्याच माळरानांकडे वळायचं, हे ब्रिटिशांनी याआधी बऱ्याचदा केलं आहे.

पहिला मोठा दरवाजा १७९३मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर बंद झाला. तोवर श्रीमंतांची मुलं इटली-फ्रान्सची लांबलचक सफर करून ‘घडत’. ती वाट अडली आणि वाय नदीचं खोरं, वेल्सचे डोंगर, उत्तरेकडची तळी यांचा भाव वधारला. निसर्ग चित्रासारखा कसा पाहायचा, हे विल्यम गिल्पिन नावाच्या पाद्र्याने त्याआधीच लिहून ठेवलं होतं. त्याचं वायवरचं पुस्तक १७८२चं. वायकाठच्या टिंटर्नच्या पडक्या मठाच्या भिंती त्याला फारच सरळसोट वाटल्या, तेव्हा हातोडीचे दोन-चार बेतशीर घाव घातले तर त्या जास्त देखण्या दिसतील, असं त्याने सुचवलं! ब्रिटिश ग्रामीण सुट्टीचा उगम हा असा हौशी नजरेतला आहे. त्यात गावकरी फक्त देखाव्यापुरता.

इथे मराठी वाचकाला एक प्रश्न पडायला हवा. इंग्लंडच्या कष्टकऱ्याला मामाचा गाव नव्हता का? मुंबईचा गिरणी कामगार शिमग्याला, गणपतीला कोकणात जायचा. घर, वाडी, भाऊबंद तिथेच असायचे. लँकशायरच्या गिरणी कामगाराची ती नाळ तुटली होती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेने एकामागून एक कायदे करून गायरानं आणि सामाईक जमिनी कुंपणात घातल्या, माणसं शहरांकडे गेली, आणि १८५१च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधले निम्म्याहून अधिक लोक शहरी निघाले. म्हणून गिरण्या बंद ठेवण्याच्या वार्षिक आठवड्यात हा कामगार ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर जायचा. तिथे मौज होती, गर्दी होती आणि वर्षभराची बचत उडायची.

ही उधळपट्टी कोल्न या गिरणगावातल्या टी. ए. लिओनार्ड या धर्मोपदेशकाला खटकत होती. १८९१मध्ये तो आपल्या मंडळातल्या तरुणांना घेऊन लेक डिस्ट्रिक्टमधल्या अ‍ॅम्बलसाइडला गेला. दिवसभर डोंगर चढायचे आणि रात्री साधं जेवण. त्यातूनच १८९३मध्ये सहकारी तत्त्वावर सुट्ट्या आखणारी संस्था उभी राहिली. गंमत अशी की, याच भागात रेल्वे येऊ नये म्हणून कवी वर्ड्‌स्‌वर्थने १८४४मध्ये वर्तमानपत्रातून झोड उठवली होती. गाड्या भरभरून येणाऱ्या कारागिरांना या सौंदर्याची गोडी काय कळणार, असा त्याचा सूर. रेल्वे १८४७मध्ये विंडरमिअरपर्यंत आलीच.

लंडनच्या ईस्ट एंड या कष्टकरी वस्तीतल्या बायकांनी मात्र कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सची काढणी सप्टेंबरात लंडनशेजारच्या केंट परगण्यात निघायची. आई, आजी, मावश्या आणि पोरंटोरं लंडन ब्रिज स्टेशनवरून मुंगीच्या पावलांनी चालणाऱ्या खास गाड्यांनी अपरात्री निघत. पेटीत भांडी, चहा-साखर, डबाबंद अन्न. शेतावरच्या खोपटाला चुना लावायचा, पोत्यात पेंढा भरून गादी करायची, पडदा टांगायचा की झालं घर. तारांवर चढलेले वेल खाली ओढून हॉप्सचे तुरे ताटाएवढ्या नव्हे, खाटेएवढ्या गोणपाटी हौदात तोडून टाकायचे. बोटं चिकट काळी होत. मग मापाडी टोपली घेऊन येई, आणि तो माल दाबून भरतो म्हणून रोज भांडणं होत. नवरे शनिवार-रविवारी भेटीला येत. शाळा बुडायची, पाठ मोडायची. तरी पुढे म्हाताऱ्या झालेल्या मुली याला सुट्टीच म्हणत. मोकळी हवा आणि वर चार पैसे! दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रं आली आणि हे सगळं विरत गेलं.

डोंगर मात्र अजून बंदच होते. मँचेस्टर आणि शेफील्डच्या मधली माळरानं जमीनदारांनी ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेली. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या विशीतल्या तरुणाच्या पुढाकाराने काहीशे जण तिथल्या किंडर स्काउट या पठारावर घुसले. रखवालदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. नुसतं दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं हा फौजदारी गुन्हा नसल्याने आरोप दंग्याचे लावले गेले. शिक्षा इतक्या कडक झाल्या की, ज्यांना ही घुसखोरी पसंत नव्हती त्यांचीही सहानुभूती मिळाली. पुढे १९४९मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि १९५१मध्ये पहिलं उद्यान जाहीर झालं ते नेमकं पीक डिस्ट्रिक्ट, म्हणजे किंडर स्काउटचाच परिसर.

दरम्यान, १९३८च्या कायद्याने पगारी सुट्टीचा रस्ता रुंद केला होता. रेल्वे कंपन्यांनी जुने डबे आडगावच्या स्टेशनांवर उभे करून कुटुंबांना आठवड्याने भाड्याने द्यायला १९३३पासूनच सुरुवात केली होती. अट एकच, तिथवर आमच्याच गाडीने या. युद्धकाळात सरकारनेच ‘घरीच सुट्टी घ्या’ म्हणून उद्यानांत बँड आणि जत्रा भरवल्या. १९६६मध्ये परकीय चलन वाचवण्यासाठी पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांच्या सरकारने परदेश सहलीच्या खर्चावर माणशी ५० पौंडांची मर्यादा घातली आणि ती १९७०पर्यंत टिकली. स्वस्त विमानं मात्र तोवर स्पेनला जाऊ लागली होती. त्यामुळे पुढची काही दशकं गावाकडची पावसात भिजलेली सुट्टी ही परवडत नसल्याची खूण मानली गेली. २००१मध्ये तर गुरांमधल्या लाळ्या-खुरकुत रोगामुळे पायवाटाच बंद झाल्या, तेव्हा लेक डिस्ट्रिक्ट ज्यात येतो त्या कम्ब्रिया परगण्यातल्या खाणावळवाल्यांना आणि शेतकऱ्यांना एकाच वेळी कळलं की आपली पोटं एकमेकांत किती गुंतली आहेत.

२०२१नंतर प्रश्न फिरला आहे. ज्या गावांत शहरवाले सुट्टीला जातात, तिथली घरं सुट्टीवाल्यांनीच घेतली आणि स्थानिक पोरांना भाड्यानेही खोली मिळेनाशी झाली. वेल्समध्ये एप्रिल २०२३पासून स्थानिक परिषदांना दुसऱ्या घरांवर नेहमीच्या कराच्या वर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो. कर भरणाऱ्यांत कुरकुर आहे, आणि ती बहुतेक इंग्लंडातून ऐकू येते.