बँड बसवल्यानंतरची भूक

जठराभोवती बसवलेल्या गॅस्ट्रिक बँडमुळे वजन कसं उतरतं, असं विचारलं की बहुतेक जण एकच चित्र रंगवतात. बँडमुळे जठराचे दोन कप्पे होतात, वरचा इवलासा आणि खालचा मोठा. वाळूच्या घड्याळातल्यासारखं अन्न वरून खाली हळूहळू झिरपतं, आणि वरचा कप्पा भरलेला असेपर्यंत पोट भरल्यासारखं वाटतं. बरीच वर्षं रुग्णांनाही शस्त्रक्रियेआधी हेच समजावलं जात असे. हे चित्र चुकीचं आहे. ते मनात धरून बँडबरोबर जगू पाहणाऱ्या माणसाचे फार हाल होतात, म्हणून आधी त्याविषयीच लिहितो.

बँड म्हणजे सिलिकॉनचं एक कडं. अन्ननलिका जठराला मिळते त्याच्या किंचित खाली ते जठराभोवती बसवतात. कड्याच्या आतल्या बाजूला फुगवता येणारी पोकळी असते. तिथून निघालेली बारीक नळी पोटाच्या स्नायूंवर, कातडीखाली शिवलेल्या एका छोट्या पोर्टला जोडलेली असते. कातडीतून खास सुई टोचून पोर्टमध्ये सलाइन भरलं की कडं आवळतं, काढून घेतलं की सैल होतं. जठराचा कुठलाही भाग कापला जात नाही, आतड्याची जोडणी बदलत नाही. आतून फुगवता येणारा बँड न्यू जर्सीतले सर्जन लुबोमिर कुझमॅक यांनी १९८६ साली वापरायला सुरुवात केली. १९९३ मध्ये बेल्जियममध्ये मितिकू बेलाच्यू यांनी तो दुर्बिणीतून बसवला. त्यानंतर पोट उघडायची गरज राहिली नाही आणि ही शस्त्रक्रिया झपाट्याने पसरली. अमेरिकेच्या एफडीए या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने २००१ साली अशा बँडला मान्यता दिली.

आता घास गिळल्यावर काय होतं ते पाहू. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी बँड बसवलेल्या लोकांच्या अन्ननलिकेतला दाब मोजला आणि अन्नात किरणोत्सर्गी खूण मिसळून त्याचा प्रवासही पाहिला. बँड नीट जुळवलेला असेल तर वरच्या कप्प्यात अन्न साठून राहतच नाही, असं त्यांना दिसलं. अन्ननलिकेचं खालचं टोक आकुंचन पावतं आणि घासाचा थोडा भाग कड्यातून पलीकडे ढकलतं. उरलेला भाग किंचित मागे येतो, पुन्हा आकुंचन होतं, पुन्हा थोडा भाग पुढे जातो. अशी काही आवर्तनं होऊन मिनिटभरात तो घास पार होतो. या प्रत्येक आवर्तनात जठराच्या अगदी वरच्या भागावर दाब पडतो. तिथे दाब आणि ताण ओळखणारे चेतातंतू आहेत. ते व्हेगस या मोठ्या चेतातंतूमार्फत मेंदूला पोट निवत असल्याचा निरोप धाडतात, असं संशोधक मानतात. बँडचं खरं काम हे आहे. घास अडवणं हे त्याचं काम नाही.

याच गटाचा २००५ मधला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. बँडमुळे वजन उतरलेल्या लोकांना दोन वेगवेगळ्या दिवशी न्याहारीला बोलावलं. एका दिवशी त्यांच्या बँडमधलं सलाइन काढून घेतलं होतं, दुसऱ्या दिवशी ते जागेवर होतं. कुठल्या दिवशी काय, हे त्यांना सांगितलं नव्हतं. बँड आवळलेला असताना त्यांना कमी भूक लागली होती, आणि तीही एक घास पोटात जाण्याआधीच, रात्रभराच्या उपासानंतर. रिकाम्या पोटीही बँड भूक आवरतो. कप्पा भरण्या-रिकामा होण्याच्या जुन्या चित्रात ही गोष्ट बसूच शकत नाही.

ही गोष्ट इतकी मोलाची का, हे समजायला वजन उतरवू पाहणाऱ्या कुठल्याही शरीराकडे बघावं लागतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात रुडॉल्फ लायबल आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिलं, की वजन १० टक्के उतरल्यावर शरीर ऊर्जेचा खर्च कमी करतं, आणि नुसत्या लहान झालेल्या आकारमानावरून जितका कमी व्हावा त्याहूनही जास्त कमी करतं. २०११ मध्ये मेलबर्नमधल्या दुसऱ्या एका अभ्यासात आहारनियंत्रणाने वजन उतरवलेल्या लोकांची संप्रेरकं वर्षभरानंतर तपासली. भूक वाढवणारं घ्रेलिन तेव्हाही चढलेलं होतं, चरबीचा साठा पुरेसा असल्याचं मेंदूला कळवणारं लेप्टिन उतरलेलं होतं, आणि माणसं आधीपेक्षा जास्त भुकेली होती. गमावलेलं वजन परत मिळवण्यासाठी शरीर असं महिनोन् महिने झटत राहतं. निव्वळ निग्रहाने वजन कायमचं खाली ठेवणारे लोक थोडे असतात ते यामुळे. यात मनाच्या दुबळेपणाचा काही संबंध नाही. बँड ही संप्रेरकं बदलत नाही. वजन उतरताना घ्रेलिन इथेही वाढू शकतं. पण वरून येणाऱ्या दाबाच्या निरोपामुळे त्या वाढत्या भुकेला काही प्रमाणात आवर बसतो.

म्हणूनच बँड किती आवळलेला आहे, याला इतकं महत्त्व आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी तो बहुधा रिकामा किंवा जवळपास रिकामा ठेवतात आणि पहिली भरणी साधारण चार ते सहा आठवड्यांनी करतात. तोपर्यंत पातळ, मग मऊ, मग घट्ट अशा क्रमाने आहार वाढवत नेतात. या काळात भूक लागते, आणि शस्त्रक्रिया फसली की काय अशी धास्ती अनेकांना वाटते. ती फसलेली नसते. बँडचं काम अजून सुरूच झालेलं नसतं. त्यानंतर थोडं थोडं सलाइन भरत योग्य जागा शोधायची. दवाखान्यांत यासाठी तीन रंगांची भाषा रूढ आहे. पिवळा पट्टा म्हणजे बँड सैल: दोन जेवणांमध्ये भूक लागते, मोठी जेवणं जातात. हिरवा म्हणजे योग्य: थोडक्यात समाधान होतं आणि ते काही तास टिकतं. लाल म्हणजे फार घट्ट: घास अडकतो, छातीत दुखतं, फेसाळ लाळ येते, उलटी होते, रात्री आडवं झाल्यावर खोकला किंवा आंबट पाणी येतं.

लाल पट्ट्यात एक विचित्र गोष्ट घडते: वजन उतरायचं थांबतं, कधी वाढूही लागतं. भाकरी-पोळी, ब्रेड, मांस, कच्च्या भाज्या उतरत नाहीत म्हणून माणूस नकळत जे सहज उतरतं तिकडे वळतो, म्हणजे आइस्क्रीम, चॉकलेट, मिल्कशेक, बिस्किटं. हे पदार्थ कड्यातून सरळ निघून जातात, दाबाचा निरोप जवळजवळ उमटतच नाही आणि कॅलरी मात्र भरपूर मिळतात. मग तो माणूस दवाखान्यात जाऊन म्हणतो, "वजन उतरत नाहीये, बँड अजून आवळा." वाळूच्या घड्याळाचं चित्र डोक्यात असेल तर ही मागणी अगदी तर्कशुद्ध वाटते. अशा वेळी थोडं सलाइन काढून घेणं हाच बहुतेकदा बरोबर उपाय असतो. बँड सैल केल्यावर नीट जेवता येऊ लागतं आणि वजन पुन्हा उतरू लागतं, हे अनेकांना आधी पटत नाही.

जेवणाचे नियमही याच कार्यपद्धतीतून येतात. घास लहान घ्यायचा आणि अगदी लगदा होईपर्यंत चावायचा. गिळल्यावर मिनिटभर थांबायचं, कारण पहिला घास पार व्हायच्या आत दुसरा आला की दोन्ही एकावर एक अडतात. एकूण जेवण थोडंच, सुमारे वीस मिनिटांत आटोपणारं. भूक शमली की थांबायचं. गच्च भरल्याची जाणीव होईपर्यंत वाट पाहायची नाही. बँड असताना ती जाणीव म्हणजे वरचा भाग ताणला गेल्याची खूण. ताटातली प्रथिनं आधी खावीत, कारण अन्न कमी जातं तेव्हा स्नायू टिकवण्यासाठी त्यांची गरज मोठी असते. कॅलरी असलेली पेयं टाळावीत. घास अडकलाच तर पाणी पिऊन तो खाली ढकलायचा प्रयत्न करू नये. त्याने वरचा ताण आणखी वाढतो. खाणं थांबवावं, उठून थोडं चालावं, वाट पाहावी. बँड सकाळी जास्त घट्ट वाटतो असं पुष्कळ जण सांगतात. त्यांना दिवसाचं पहिलं जेवण थोडं उशिरा किंवा मऊ घेतल्याने बरं पडतं.

हे नियम कागदावर सोपे दिसतात. भरल्या घरात, गप्पा रंगलेल्या असताना किंवा कामाच्या मधल्या सुट्टीत ते पाळणं सोपं नाही. प्रत्येक घासानंतर हात थांबवणाऱ्या माणसाकडे सगळे बघतात, आग्रह करतात, "एवढंच?" म्हणतात. शिवाय थकवा, एकटेपणा, राग यांवर खाणं हा ज्याचा जुना आधार होता, त्याचा तो आधार जातो आणि दुसरा काही आपोआप मिळत नाही. बँड पोटाची भूक आवरतो. मन हलकं करण्यासाठी खाण्याच्या ओढीपर्यंत तो पोहोचत नाही. म्हणून चांगल्या केंद्रात सर्जनच्या जोडीला आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ असतात. माझ्या मते ही जोड नसेल तिथे बँड बसवूच नये.

वजन आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरणं ही चांगली गती मानतात. बायपास (जठराचा छोटा भाग वेगळा करून थेट आतड्याला जोडणं) किंवा स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणं) या शस्त्रक्रियांच्या मानाने ती संथ आहे आणि घट दोन-तीन वर्षं चालू राहू शकते. इथे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. सर्जन बरेचदा 'जादा वजना'ची टक्केवारी सांगतात. समजा एखाद्याचं वजन १२० किलो आहे आणि त्याच्या उंचीला ७० किलो योग्य आहे. तर जादा वजन ५० किलो. त्यातलं ४७ टक्के उतरलं म्हणजे साधारण २३ किलो. हा ४७ चा आकडा मी सहज घेतलेला नाही. पॉल ओब्रायन यांच्या मेलबर्नमधल्या गटाने २०१३ साली १५ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर तोच दिला. याच गटाच्या २००८ मधल्या चाचणीत टाइप २ मधुमेह होऊन दोन वर्षंही झाली नव्हती असे ६० जण होते. दोन वर्षांनी बँड बसवलेल्यांपैकी ७३ टक्के लोकांचा मधुमेह माघारी गेला होता, तर नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी १३ टक्क्यांचा. त्यामुळे मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या औषधांची मात्रा वजनाबरोबर कमी करावी लागू शकते. ती मात्र डॉक्टरांनीच करायची.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मेलबर्नच्या त्याच गटात कालांतराने ४३ टक्के लोकांना बँड दुरुस्त करण्यासाठी किंवा बदलण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागली. बेल्जियममधल्या एका गटाने २०११ मध्ये बारा वर्षांहून जुन्या रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा जवळजवळ निम्म्यांचे बँड काढून टाकावे लागले होते. कडं जागचं सरकतं, वरचा भाग फुगतो, क्वचित बँड जठराची भिंत झिजवून आत शिरतो, पोर्ट उलटतं, नळी गळते. अमेरिकेत २०११ साली लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांमध्ये बँडचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक होता. दशक संपेस्तोवर तो एखाद्या टक्क्यावर आला आणि त्याची जागा स्लीव्हने घेतली. तरीही पूर्वी बसवलेले बँड घेऊन जगणारी माणसं जगभर आहेत, आणि आता भरणी करणारे हात कमी होत चालले आहेत. त्यांच्याकडे दुर्लक्ष होतंय, हे मला फार खटकतं.

बँड असलेल्या माणसाने काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. पाणीसुद्धा उतरेनासं झालं, उलट्या थांबत नसल्या किंवा अचानक पोटात जोराची कळ आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. बँड सरकून जठराचा रक्तपुरवठा तुटू शकतो. दिवसेंदिवस उलट्या होत राहिल्या तर थायमिन हे जीवनसत्त्व संपतं आणि मेंदूला व मज्जातंतूंना इजा होऊ शकते. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत; त्यांतल्या अनेकींमुळे जठरात व्रण होतात. गरोदरपणात उलट्यांचा त्रास वाढला किंवा बाळाची वाढ पुरेशी होत नसली तर बँड सैल करता येतो आणि बाळंतपणानंतर पुन्हा आवळता येतो. ही सोय इतर शस्त्रक्रियांत नाही.

बँड काढावा लागला, तर भूक परत येते आणि बहुतेकांचं वजनही. निरोप पाठवणारा दाबच उरला नाही, की शरीर आपली जुनी बाजू पुन्हा लावून धरतं. त्यामुळे काढण्याचं ठरवतानाच पुढे काय, हेही ठरवायला हवं: औषधं, स्लीव्ह की बायपास. बँडभोवती वर्षानुवर्षं तयार झालेल्या जाड आवरणामुळे जठराचा तो भाग कडक झालेला असतो, म्हणून अनेक सर्जन आधी बँड काढून काही महिने जाऊ देतात आणि पुढची शस्त्रक्रिया नंतर करतात. या मधल्या महिन्यांत वजन वाढतं तेव्हा रुग्ण स्वतःलाच दोष देतात. नेमक्या याच काळात आहारतज्ज्ञाची भेट चुकवू नये, आणि भूक कमी करणारी औषधं आपल्याला चालतील का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं.