पागडीवर वन बीएचके घेताय? टोकन देण्याआधी एवढं वाचा

गिरगाव, दादर, परळकडे पागडीचं घर (म्हणजे एकरकमी पैसे देऊन भाडेहक्क घ्यायचा आणि पुढे मालकाला भाडं देत राहायचं) शोधणाऱ्या बहुतेकांना दर अकरा महिन्यांनी सामान हलवायचा कंटाळा आलेला असतो. रास्त आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार पागडीच्या घराचं भाडं वर्षाला ४ टक्के वाढतं (कर आणि दुरुस्तीचा भाग वेगळा) आणि भाडं वेळेवर भरणाऱ्याला कायद्यातल्या कारणाशिवाय बाहेर काढता येत नाही.

घोडं अडतं ते टोकनवर. घर आवडलं की संध्याकाळीच जुन्या भाडेकरूच्या हातात टोकन जातं आणि मग आम्हाला फोन येतो, "मालकाचं तेवढं बघा." अहो, मालकाचंच तर सगळं आहे! जुना भाडेकरू घर विकत नाही, भाडेहक्क सोडतो. मालकाच्या संमतीशिवाय तुम्ही आत राहायला गेलात, तर तो लघुवाद न्यायालयात घर खाली करण्याचा दावा लावू शकतो. त्यात टोकन गेल्याचं कळलं की घाई तुमची आणि आकडा त्याचा. पागडीच्या रकमेत मालकाचा वाटा साधारण एक तृतीयांश धरतात, पण तो कायद्याने ठरलेला नाही, बोलणीवर ठरतो. याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५६ मुळे हा व्यवहार कायदेशीर आहे, तेव्हा पैसे चेकनेच द्या आणि करार नोंदवून घ्या.

भाडेपावती मूळ बघा, मोबाईलवरचा फोटो नको. पावती आजोबांच्या नावाची आणि घरात नातू, हे नेहमीचं. मग कोणाकोणाच्या सह्या लागणार, हे निस्तरण्यातच महिने जातात. भाडं कुठल्या महिन्यापर्यंत भरलंय, तेही तिथेच कळतं.

मालकाशी बोलणं झाल्याशिवाय आम्ही घर दाखवत नाही. त्यामुळे आमच्याकडची यादी छोटी असते आणि "तुम्ही फार वेळ लावता" हेही ऐकावं लागतं. ऐकतो. दलाली मात्र तुमच्या नावाची पावती हातात आल्यावरच घेतो.

पागडीवर बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत. पैशांची सोय आधी करा. आणि घर घेऊन कुलूप लावून ठेवायचा विचार असेल तर घेऊच नका. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापर नसेल, तर मालकाला दाव्याला तेवढं पुरतं.

दुसऱ्या एजंटकडचं घर पसंत असेल तरी पावती घेऊन या. बघून सांगायचे पैसे नाहीत. रविवारी दुपारपर्यंत ऑफिस उघडं असतं.