शंभर मीटरचा सराव आला कुठून?

पोलीस भरतीची नुसती चाहूल लागली, की जळगाव, धुळे, नंदुरबारची मैदानं पहाटे पाचलाच जागी होतात. काळ्या मातीवर पसरलेला मुरूम, त्यावर फक्कीनं मारलेल्या रेषा, कडेला चपलांचा ढीग आणि शेवटच्या वीस मीटरला उभ्या पोरांची हाळी : "पय भो, पय!" मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे २०, शंभर मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलांना शंभर मीटरचे पूर्ण गुण हवे असतील तर साडेअकरा सेकंदांच्या आत यावं लागतं. अर्ध्या सेकंदानं कुणाची यादीतली जागा हुकते, म्हणून इथली मुलं वेगासाठी जे कानावर पडेल ते करून पाहतात. गुडघे छातीपर्यंत उचलतात, कमरेला दोरी बांधून टायर ओढतात, नदीच्या वाळूत पळतात, पायऱ्यांवरून उड्या मारतात आणि चारशेच्या फेऱ्यांवर फेऱ्या घालतात.

यातला प्रत्येक प्रकार कुठून तरी आला आहे, कुणीतरी एका ठरावीक कामासाठी काढलेला आहे. मैदानावर पोचेपर्यंत व्यायाम तेवढा टिकला आणि त्याचं काम विसरलं गेलं. म्हणून ही मागची गोष्ट सांगावीशी वाटते.

सुरुवात खुरप्यापासून करू. मागच्या हिवाळ्यात मी एका मुलाला रेषेमागे बसून खुरप्यानं दोन खड्डे करताना पाहिलं. पुढचा खड्डा रेषेपासून दोन तळपायांच्या लांबीवर, मागचा तीन तळपायांच्या. मागची भिंत त्यानं तळव्यानं थापून तिरकी केली, पायाचा चवडा टेकवून पाहिला, पुन्हा चिमूटभर माती काढली. पाय टेकवून जोरात सुटण्यासाठीचे ठोकळे, म्हणजे स्टार्टिंग ब्लॉक, त्याच्याकडे नव्हते. पण १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा धावपटू जेसी ओवेन्सकडेही नव्हते! कोळशाच्या राखेच्या त्या ट्रॅकवर त्यानं छोट्या थापीनं असेच खड्डे केले आणि शंभर मीटर १०.३ सेकंदांत जिंकलं. ब्लॉक १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत निघाले होते, पण ऑलिंपिकमध्ये ते आले थेट १९४८ साली, लंडनला.

वाकून सुटणं त्याहून जुनं. १८८८ च्या सुमारास अमेरिकेतल्या विद्यापीठांत ते दिसू लागलं. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या शंभर मीटरमध्ये अमेरिकेच्या टॉमस बर्कनं हात जमिनीला टेकवून सुटका घेतली आणि १२.० सेकंदांत पहिला आला. फायदा साधा आहे : अंग पुढे झुकलेलं असलं की पाय जमीन मागे ढकलतो, सरळ उभं असलं की जोर वर जातो. भरतीला उभ्यानं सुटायचं असलं, तरी पहिल्या आठ-दहा पावलांत अंग झुकलेलं ठेवायला शिकायचं तर वाकून सुटण्याचा सराव कामी येतो.

पळत्या अंगाच्या तसबिरी मात्र माणसाच्या आधी घोड्याच्या निघाल्या. १८७८ साली कॅलिफोर्नियात छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजनं ओळीनं कॅमेरे लावून पळत्या घोड्याच्या तसबिरी काढल्या आणि घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे दाखवून दिलं. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोड्याची चाल पारखणाऱ्यांना याचं फारसं नवल वाटणार नाही. तिथले जाणते सौद्याला बसण्याआधी घोडा पळवून बघतात आणि नजर ठेवतात ती खुरावर. माणसाच्या बाबतीत ही नजर यायला पुढे बराच काळ लागला.

१९२७ हे वर्ष मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत मोलाचं वाटतं. त्या वर्षी दोन कामं झाली. नोबेल मिळालेले ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात होते. त्यांनी धावपटूच्या अंगावर चुंबक बांधला, ट्रॅकच्या कडेला ठरावीक अंतरावर तारांची वेटोळी उभी केली, आणि चुंबक वेटोळ्याजवळून गेला की वीजमापकावर उमटणाऱ्या खुणेवरून दर टप्प्याचा वेग काढला. शंभर मीटर ही सलग एकच धाव नसते हे यातून आकड्यांत दिसलं. आधी वेग चढतो, मग थोडा वेळ शिखरावर राहतो आणि शेवटी उतरतो. २००९ साली बर्लिनमध्ये ९.५८ ची धाव घेणारा उसेन बोल्टसुद्धा साठ ते ऐंशी मीटरच्या पट्ट्यात सर्वांत वेगात होता. पुढे तोही मंदावला, इतर जास्त मंदावले.

दुसरं काम आपल्या देशातल्या माणसाचं. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर काम करत होते. स्नायूत क्रिएटिन फॉस्फेट नावाचा साठा असतो हे त्यांनी शोधून काढलं. पूर्ण जोरानं पळताना पहिल्या काही सेकंदांचं इंधन मुख्यतः हेच. साठा लहान, झटकन संपणारा. पुढच्या संशोधनातून कळलं, की रिकामा झालेला हा साठा साधारण अर्ध्या मिनिटात निम्मा भरतो, पण जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात.

खान्देशातल्या मैदानांवर सर्वांत जास्त घोळ नेमका इथे होतो. आमच्या शाळेतही तो होता : शंभर मीटर पळा, मागे चालत या, लगेच पुन्हा पळा, अशा दहा धावा. दहाव्या धावेला पाय लटपटायचे आणि तेव्हा कुठे सरांना सराव झाल्यासारखा वाटायचा. तिसऱ्या धावेनंतर आम्ही वेगाचा सराव करतच नव्हतो. अर्ध्या भरलेल्या टाकीवर हळू पळायची सवय लावत होतो.

ही पद्धत आली कुठून? १९३० च्या दशकात जर्मनीत फ्रायबुर्गला प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि डॉक्टर हर्बर्ट राइंडेल यांनी तुकड्यातुकड्यांनी, मध्ये मोजकी विश्रांती देऊन पळण्याची पद्धत बसवली. धाव संपली की नाडी किती वेळात खाली येते ते मोजायचं आणि ती उतरली की पुढची धाव. त्यांचा धावपटू रुडॉल्फ हारबिग यानं १९३९ साली ८०० मीटर १:४६.६ मध्ये पळून विक्रम केला. पद्धत जगभर गेली आणि ती खरोखर चांगली आहे. पण ती हृदयासाठी होती, मध्यम अंतरासाठी होती. आपल्या मुलांना १६०० मीटरही पळायचं आणि शंभरही, म्हणून एकाच सकाळी एकाच पद्धतीत दोन्ही कोंबलं जातं. सोळाशेसाठी कमी विश्रांती औषध आहे, शंभरसाठी तीच अपाय करते. वेगाच्या धावेत दर दहा मीटरला साधारण एक मिनिट विश्रांती, हा जाणत्या प्रशिक्षकांचा ढोबळ हिशेब. तीस मीटर पळालात तर तीन मिनिटं थांबा. बघणाऱ्याला हे आळशीपणाचं वाटतं. कामाच्या घरातल्या पोराला रिकामं उभं राहायची लाजही वाटते, हे मी पाहिलं आहे.

गुडघे उचलायच्या व्यायामाची कथा पोलंडची. तिथले प्रशिक्षक गेरार्ड माख यांनी धावेचे तुकडे पाडून ए, बी, सी असे कवायतीचे प्रकार केले : गुडघा उचलणं, पाय पुढे टाकून खाली ओढणं, मागे रेटणं. पुढे ते कॅनडात गेले आणि कवायती जगभर पसरल्या. धावताना ज्या स्नायूंवर भार येतो ते त्याच ठेवणीत बळकट व्हावेत, हा त्यांचा हेतू होता. आपल्याकडे त्याचं "हाय नी" झालं आणि जो गुडघा सर्वांत वर नेईल तो हुशार ठरू लागला. अंग मागे कलंडलं तरी कुणी टोकत नाही.

पायऱ्यांवरून खाली उडी मारून लगेच वर उसळण्याचा प्रकार सोव्हिएत रशियाचे युरी वेर्खोशान्स्की यांनी १९६० च्या दशकात अभ्यासून मांडला. स्नायू ताणला जाऊन क्षणात आकसला की जास्त जोर देतो, हे त्यामागचं तत्त्व. तो आधी बळ कमावलेल्या खेळाडूंसाठी होता. अठरा वर्षांच्या मुलानं सिमेंटच्या पायऱ्यांवरून पन्नास उड्या मारल्या तर वेगाआधी नडगी दुखू लागते. दोरीवरच्या उड्या आणि मऊ मातीवर एका पायानं लांब ढांगा यांनी सुरुवात केली तर चालते.

वाळूचं नाव निघालं की सगळ्यांना पी. टी. उषा आठवते. प्रशिक्षक ओ. एम. नांबियार यांनी पय्योळीच्या किनाऱ्यावर तिच्याकडून करून घेतलेला सराव आणि १९८४ च्या लॉस एंजेलिसमध्ये ४०० मीटर अडथळ्यांत सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलेलं पदक. तापी-गिरणेच्या पात्रातली वाळू पावलं आणि पोटऱ्या घट्ट करते यात शंका नाही. पण वाळूत पाय रुततो, जमिनीवर जास्त वेळ राहतो. भरधाव धावपटूचा पाय जमिनीला टेकतो तो सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागापुरता. २००० साली संशोधक पीटर वेयँड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की वेगवान आणि सावकाश माणसाचा पाय हवेतून पुढे यायला लागणारा वेळ जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो एवढ्या थोडक्या वेळात जमिनीवर किती जोर दिला जातो यात. म्हणून आठवड्यातून एकदा वाळू ठीक, पण वेगाची खरी धाव टणक मुरमावरच व्हायला हवी. याउलट चोपडा-यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याचे चढ फार कामाचे. वीस-तीस मीटरचा बेताचा चढ आपोआप अंग पुढे झुकवतो आणि पाय मागे रेटायला लावतो. टायर ओढण्याचाही गुण तोच, टायर हलका असेल तर. ट्रकचा टायर बांधला की धाव उरत नाही, ओढाताण होते.

थंडीचं वेगळं सांगायला हवं. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा एक आकडी होतो आणि चाचण्या अनेकदा पहाटेच असतात. गार मांडीनं पूर्ण जोर लावला की मागची शीर धरते आणि दोन महिन्यांची मेहनत मैदानावरच राहते. त्या खुरपंवाल्या मुलाला हे ठाऊक होतं. खड्डे करण्याआधी त्यानं पंधरा-वीस मिनिटं हळू धाव, कवायती आणि चढत्या वेगाच्या तीन धावा केल्या होत्या. मग तीस मीटरच्या पाच धावा. दर धावेनंतर तो कानटोपी घालून, शाल पांघरून कडुनिंबाखाली येरझाऱ्या घालायचा. मोबाइलवर तीन मिनिटं लावलेली असायची. शेजारची पोरं तेवढ्या वेळात फेरी मारून यायची आणि जाता जाता त्याला चिडवायची. तो गजर वाजेपर्यंत पुन्हा रेषेवर जात नव्हता.