ऑशविट्झचं संग्रहालय आणि ऑशविट्झचं फाउंडेशन: कोण काय करतं?

२७ जानेवारी, म्हणजे १९४५ साली ऑशविट्झची नाझी छळछावणी मुक्त झाली तो दिवस, जवळ आला की ऑशविट्झच्या बातम्या येऊ लागतात आणि त्यांत संग्रहालय आणि फाउंडेशन ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. दोन्हींच्या नावात ऑशविट्झ-बिर्केनाऊ आहे आणि दोन्ही पोलंडमधल्या आहेत. २००६ साली संग्रहालयाचे संचालक झालेले प्योत्र त्सिविन्स्की फाउंडेशनच्या कामातही पुढे असतात. त्यामुळे गोंधळ होणारच. पण दोन्ही संस्थांची कामं वेगळी आहेत. एक ती जागा सांभाळते, दुसरी त्या सांभाळण्याच्या खर्चाची तजवीज करते.

संग्रहालय आधीचं. १९४७ साली पोलंडच्या संसदेने कायदा करून ते स्थापन केलं. उभारणीत छावणीतून वाचलेले कैदी स्वतः होते. ही सरकारी संस्था असून पोलंडच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. ओश्वेंचिम (ऑशविट्झचं पोलिश नाव) गावातली मूळ छावणी आणि जवळचं बिर्केनाऊ मिळून सुमारे १९१ हेक्टर जमीन, दीडशेहून जास्त इमारती आणि तीनशेच्या आसपास अवशेष तिच्या ताब्यात आहेत. इथे साधारण ११ लाख माणसं मारली गेली. त्यांतली जवळपास १० लाख ज्यू होती. बाकीच्यांत पोलिश, रोमा (युरोपातला एक भटका समाज) आणि सोव्हिएत युद्धकैदी होते.

संग्रहालयाचं खरं अवघड काम जतनाचं आहे, आणि तिथे जतन म्हणजे डागडुजी करून नवंकोरं करणं नव्हे. बिर्केनाऊतल्या विटांच्या बराकी पाहा. त्या नाझींनी कैद्यांकडूनच बांधून घेतल्या. गावकऱ्यांना हुसकावून त्यांची घरं पाडली आणि त्याच विटा वापरल्या. जमीन दलदलीची, पाया उथळ, भिंती पातळ. कायम टिकाव्यात म्हणून त्या बांधल्याच नव्हत्या. आज त्या ओल धरतात, झुकतात. सगळं पाडून तसंच नवं बांधणं सोपं गेलं असतं, पण मग तो पुरावा राहिला नसता. म्हणून बराकीवर मोठा तंबू उभारायचा, पाया बळकट करायचा, आणि शक्य तितकी मूळ वीट, मूळ गिलावा, भिंतीवरचं मूळ लिखाण जागच्या जागी ठेवायचं. बिर्केनाऊतले मोठे गॅस चेंबरही पुन्हा बांधले गेले नाहीत. पळण्यापूर्वी जानेवारी १९४५ मध्ये नाझींनी त्यांतले उरलेले सुरुंग लावून उडवले. गुन्हा लपवण्याचा हा प्रयत्नही पुरावाच असल्याने ढिगारा ढिगारा म्हणूनच जपला जातो.

वस्तूंचंही तसंच. एक लाखाहून जास्त बूट, ३,८०० च्या आसपास सुटकेसेस, हजारो भांडी. २०१६ मध्ये एका एनॅमलच्या मगाचा तळ गंजून सुटला आणि खाली दुसरा तळ निघाला. मधल्या फटीत कापडात गुंडाळलेली सोन्याची अंगठी आणि साखळी होती. कुणीतरी ती परत घरी जाण्याच्या आशेने लपवली होती, आणि सत्तर वर्षं ती कुणाच्या नजरेस पडली नव्हती. कैद्यांचे कापलेले केस मात्र संरक्षक प्रक्रियेतून जात नाहीत. ते मानवी अवशेष आहेत, त्यांना हात लावायचा नाही, असं ठरलेलं आहे. मला हा निर्णय फार योग्य वाटतो.

आता हे सगळं करायला पैसा लागतो, तोही दरवर्षी आणि न चुकता. इथे फाउंडेशन येतं. २००९ साली व्लादिस्लाव बार्तोशेव्स्की यांनी वॉर्सात ते स्थापन केलं. ते स्वतः ऑशविट्झचे कैदी होते, क्रमांक ४४२७. नंतर ते पोलंडचे परराष्ट्रमंत्री झाले. साक्षीदार एकेक करून जात आहेत आणि जागा खचते आहे, हे दोन्ही त्यांना दिसत होतं. फाउंडेशनने १२ कोटी युरोंचा कायमस्वरूपी निधी उभारायचं ठरवलं. आपल्याकडे शाळेत एखाद्याच्या नावाने कायम ठेव ठेवतात आणि तिच्या व्याजातून दरवर्षी बक्षीस देतात ना, तीच पद्धत इथे फार मोठ्या प्रमाणावर आहे. मुद्दलाला हात लावायचा नाही, उत्पन्नातून जतनाचा खर्च भागवायचा. जर्मनीने यातले निम्मे, म्हणजे ६ कोटी युरो देण्याचं कबूल केलं आणि २०१९ मध्ये आणखी ६ कोटी जाहीर केले. अमेरिकेसह तीसहून जास्त देशांनी यात भर घातली. जी जबाबदारी एकट्या पोलंडवर होती, ती अशी वाटली गेली.

कधीकधी फाउंडेशन एखाद्या ठरावीक कामासाठीही देणग्या मागतं. मुलांचे सुमारे ८,००० बूट जपण्याची मोहीम तशीच. पैसा फाउंडेशन आणि त्याचे सहकारी जमवतात, पण बुटाला हात लावतो तो संग्रहालयाचा संरक्षक. असाच एक बूट पाहताना २०२० मध्ये आत प्रागच्या एका लहान मुलाचं नाव हाताने लिहिलेलं सापडलं.

मग या हत्याकांडाच्या मुळाशी असलेल्या ज्यूद्वेषाशी लढतं कोण? शिक्षणाचं काम मुख्यतः संग्रहालय करतं. शिक्षकांचं प्रशिक्षण, अभ्यासवर्ग, मार्गदर्शक हे सगळं त्यांचं. फाउंडेशन याची वेगळी चळवळ चालवत नसलं, तरी ‘असं घडलंच नाही’ म्हणणाऱ्यासमोर खरी भिंत उभी ठेवणं हेही ज्यूद्वेषाविरुद्धचंच काम आहे. तो फक्त युरोपचा रोग आहे असं आपण मानू नये. कोकणात बेने इस्राएल ज्यू शतकानुशतकं निर्धास्त राहिले हे खरं, पण नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात कुलाब्याचं नरिमन हाऊस ज्यू केंद्र म्हणूनच निवडलं गेलं होतं.

छावणीच्या भिंतीला लागून कमांडंट रुडॉल्फ हेसचं घर आहे. ते या दोघांपैकी कुणाकडेच नाही. अतिरेकी विचारांविरुद्ध काम करणाऱ्या एका अमेरिकी संस्थेने ते विकत घेतलं आणि २०२५ मध्ये लोकांसाठी उघडलं. बातमीत हे नाव आलं तर तिसरी संस्था समजावी.

क्राकूहून ऑशविट्झला जाणार असाल तर वेळ संग्रहालयाकडे आधी ऑनलाइन नोंदवावी लागते. प्रवेशाला पैसे नाहीत, मार्गदर्शकाचे आहेत, आणि माझ्या मते ते जरूर द्यावेत. जतनाच्या कायम निधीत काही घालायचं असेल, तर मात्र पत्ता फाउंडेशनचा.